सासर समुद्रापलीकडचं

नांदेड-लातूरकडच्या शाळांत हजेरी घेताना ‘चाऊस’ हे आडनाव हमखास येतं. दुकानाच्या पाटीवर दिसतं, मतदारयादीत सापडतं. आपल्या कानांना ते इतकं सवयीचं झालंय की, ते आलं कुठून असा प्रश्नच पडत नाही. फार तर “ते लोक मूळचे अरब” एवढं ठाऊक असतं. पण अरब म्हणजे दुबईचे नव्हेत बरं का! त्यांचे पूर्वज येमेनचे, तेही बहुतेक हद्रमौत नावाच्या कोरड्या मुलखातले.

‘चाऊस’ हा मुळात तुर्की शब्द, फौजेतला एक हुद्दा. आपल्या हवालदारासारखा म्हणा ना. हद्रमौतमध्ये पाऊस तुटपुंजा, खजूर आणि थोडं धान्य एवढंच पिकायचं. मग पोटासाठी घरातला एखादा मुलगा समुद्र ओलांडायचा. कुणी जावाला गेला, कुणी आफ्रिकेच्या किनाऱ्याला, तर कुणी नागपूरकर भोसल्यांच्या नि निजामाच्या फौजेत शिरला. हैदराबादेत त्यांच्या बराकी होत्या, त्या वस्तीला आजही ‘बारकस’ म्हणतात. काहींचं नशीब असं फळफळलं की विचारू नका! उमर बिन अवद अल्-कुऐती हैदराबादेत जमादार झाला, आणि त्या कमाईच्या जोरावर त्याच्या घराण्यानं हद्रमौतमध्ये राज्यच उभं केलं. १९६७ पर्यंत ते टिकलं. बाकीच्यांच्या वाट्याला पहारा, वसुली आणि जमलं तर सावकारी. या सावकारीच्या तगाद्यानं लोक गांजून जात, हेही सांगायला हवं. पहिल्या सालारजंगांना ही अरेरावी आवरताना पुष्कळ त्रास पडला.

मला कुतूहल आहे ते मात्र त्यांच्या बायकांचं. हे शिपाई एकटेच यायचे. तिकडच्या बायका सहसा समुद्र ओलांडत नसत. तेव्हा लग्नं झाली ती इथल्याच मुलींशी. अशा संसारातल्या मुलांना अरबीत ‘मुवल्लद’ म्हणतात. म्हणजे घर चालवलं, मुलं वाढवली ती इथल्या बाईनं, आणि नवऱ्याचं गाव तर तिनं जन्मात पाहिलेलं नसायचं! मुलं आईच्या भाषेत बोलणार हे ओघानंच आलं. घरात दखनी, बाजारात मराठी. अरबी उरली ती नमाजात आणि नावातल्या ‘बिन’मध्ये. तरी लग्नात मरफा वाजतोच. काठ्यांनी ढोल बडवायचे आणि तरुणांनी तलवारी घेऊन नाचायचं.

आणि उरलं हरीस. कृती साधी, पण दंडांची परीक्षा! गव्हाच्या हुग्गीला सडतो तसे गहू सडून रात्रभर भिजवायचे. मटणाबरोबर मंद आचेवर चार-पाच तास शिजू द्यायचे आणि मग लाकडी घोटण्यानं एकजीव होईस्तोवर घोटायचे. मीठ, जराशी मिरी-दालचिनी, वरून तूप. बस्स. यातच डाळी आणि मसाले पडले की हैदराबादी हलीम होतं.

मग १९४८ चा सप्टेंबर आला. १३ ते १७ तारखेच्या पोलीस ॲक्शननं निजामी राजवट संपली. रझाकारांचे अत्याचार मराठवाडा विसरलेला नाही, त्यांचा पुढारी कासिम रझवी तर लातूरचाच वकील. पण नंतर नांदेडात आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात (लातूर त्यातच होतं) सूडाच्या भरात निरपराध माणसंही मारली गेली. अरबांना परदेशी ठरवून छावण्यांत ठेवण्यात आलं आणि कित्येकांना एडनला धाडलं. एडन आपण ऐकलेलं असतं ते वासुदेव बळवंत फडक्यांमुळे. तिथल्याच तुरुंगात १८८३ साली ते वारले.

पण परदेशी ठरवायचं कुणाला? नवरा हद्रमौतचा, बायको मराठवाड्यातली, मुलंही इथेच जन्मलेली. त्याच्यामागून जावं तर देश अनोळखी, भाषा येत नाही. राहावं तर पोरांना घेऊन एकटीनं. माहेरचे तरी किती दिवस सांभाळणार? त्या बायांनी कसे दिवस काढले असतील, हे कुठल्या कागदात लिहून ठेवलेलं नाही.

ते सासर आज स्वतःच होरपळतंय. २०१४ पासून येमेन युद्धात सापडला, २०१५ मध्ये तिथून हजारो भारतीयांना आपल्या नौदलानं आणि विमानांनी परत आणलं. मातीच्या विटांच्या सात-आठ मजली घरांचं शिबाम, मोखा बंदराची कॉफी, बोरीच्या फुलांचा मध अशी ज्याची ओळख, त्या देशात आयांना पोरांच्या पोटाची भ्रांत आहे. २०११ साली नोबेल शांतता पारितोषिक मिळालं त्यात तवक्कुल करमान ही येमेनी पत्रकार होती. तीन मुलांची आई, निदर्शनांत रस्त्यावर तंबू ठोकून बसलेली!

तिकडे मधात भिजवलेली एक पदरापदरांची गोड रोटी करतात. तिचं नाव ‘बिन्त अस्-सहन’, म्हणजे ताटातली लेक. शेजारी चाऊस भाभी राहत असतील, तर त्यांच्या घरी हे नाव कुणाला आठवतंय का, विचारून बघा.