वांकिडीहून मालवणला : पाण्याखालच्या शेजाऱ्यांची ओळख

वांकिडीच्या माणसाने समुद्रातल्या माशांवर लिहावं, याचं तुम्हाला हसू येईल. आमच्याकडे मासा म्हणजे तलावातला रोहू, कटला, नाहीतर मरळ. शिवाय आमच्या ओढ्यानाल्यांचं पाणी प्राणहितेतून गोदावरीत आणि पुढे बंगालच्या उपसागरात जातं. त्यामुळे अरबी समुद्राशी आमचं नातं फक्त सुट्टीपुरतं!

अशाच एका हिवाळ्याच्या सुट्टीत आम्ही मालवणला गेलो. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ स्नॉर्केलिंग करायचं ठरलं. होडीत बसताना भाच्याच्या हातात पावाची लादी होती. "मामा, पाव टाकला की मासे अंगाला येऊन चिकटतात, व्हिडिओत पाहिलंय." मलाही गंमत वाटली. खोटं कशाला सांगू, मीच ती विकत घेऊन दिली होती.

पाव पाण्यात पडायचा अवकाश, पिवळसर पाठीचे, अंगावर काळे उभे पट्टे असलेले मासे झुंडीने आले. हे सार्जंट मेजर. गणवेशावरच्या पट्ट्यांवरून हे नाव पडलं. उष्ण समुद्रात जिथे खडक आणि प्रवाळ तिथे हे बहुतेक असतातच. त्यांचं खरं अन्न म्हणजे शेवाळ आणि पाण्यात तरंगणारे बारीक जीव. यांच्यात अंडी राखायचं काम बाबांचं. मादी खडकावर अंडी चिकटवून निघून जाते आणि नर ती फुटेपर्यंत पहारा देतो. तो पावामागे धावला, तर तेवढ्यात दुसरे मासे अंडी फस्त करतात. हे मला घरी परतल्यावर वाचून कळलं.

प्रवाळाला आपण पोवळं म्हणतो आणि अंगठीत घालतो. पण समुद्रातलं हे जिवंत बांधकाम लाखो इवल्या प्राण्यांचं असतं. जगाच्या समुद्रतळाचा एक टक्काही भाग प्रवाळाखाली नाही, तरी समुद्रातल्या सुमारे पाव प्रजाती त्याच्या आधाराने जगतात. तिथल्या मंडळींत सगळ्यात कामसू पोपट मासा. चोचीसारख्या दातांनी तो खडकावरचं शेवाळ खरवडतो. सोबत पोटात गेलेला प्रवाळाचा चुरा वाळू होऊन बाहेर पडतो. मोठ्या जातीचा एकच मासा वर्षाला शेकडो किलो वाळू करतो! तो नसला तर शेवाळ वाढून प्रवाळ गुदमरतं. चपटे, देखणे फुलपाखरू मासे बहुधा जोडीने फिरतात. त्यांच्यातल्या काही जाती प्रवाळच खातात, म्हणून प्रवाळ गेलं की आधी तेच दिसेनासे होतात. लायनफिश मात्र लांबूनच बघावा, त्याचे काटे विषारी असतात.

आता ताटातल्यांबद्दल. कोकणात ज्याला हेकरू किंवा गोब्रा म्हणतात, तो खडकांच्या कपारीत राहणारा मासा. तांबोशीही खडकांच्या आसऱ्याची. हेकरूच्या बऱ्याच जातींत मासा आधी मादी असतो आणि मोठा झाल्यावर नर होतो. बाजारात सगळ्यांना मोठाच हवा. असे मोठे वेचून काढले, तर मागे नर उरणार किती?

मालवणचं सागरी अभयारण्य 1987 साली जाहीर झालं, क्षेत्र सुमारे 29 चौरस किलोमीटर. किल्ल्याभोवतीचं पाणी त्याच्या गाभ्यात येतं. म्हणजे आम्ही अभयारण्यात पाव टाकत होतो! ताडोबातल्या चितळाला आपण कधी बिस्किट देऊ का? विजयदुर्गपासून सुमारे शंभर किलोमीटर आत, भर समुद्रात बुडालेलं आंग्रिया बँक नावाचं मोठं प्रवाळपठार आहे. कान्होजी आंग्र्यांच्या नावाचं. तिथे सहलीच्या होड्या पोहोचत नाहीत, पण तापलेलं पाणी सगळीकडे पोहोचतं. पाणी फार काळ तापलं की प्रवाळ आपल्या शरीरातलं रंगीत, अन्न पुरवणारं शेवाळ बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं. असं जगभर चौथ्यांदा घडत असल्याचं शास्त्रज्ञांनी 2024 मध्ये जाहीर केलं.

मंडळातल्या कुणाचं कोकणात जाणं झालं, तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीत जा, तेव्हा पाणी निवळ असतं. प्रवाळावर पाय ठेवू नका. दुकानात त्याचा तुकडा दिसला तरी घेऊ नका, तो कायद्याने गुन्हा आहे.

भाचा आता नववीत आहे. यंदा पुन्हा जायचा हट्ट चाललाय. पाव नेणार नाही म्हणतो, पण पाण्याखालचा कॅमेरा मामाने घ्यावा अशी अट आहे.