नवे हिम, जुना थर

हिमवृष्टी थांबली, आकाश निवळले, ऊन पडले की डोंगर सुरक्षित झाला असे आपल्याला वाटते. हिमालयात ही समजूत जिवावर बेतू शकते. ४ ऑक्टोबर २०२२ रोजी उत्तराखंडात ‘द्रौपदी का डांडा-२’ शिखराजवळ हिमाचा थर सुटला आणि गिर्यारोहण शिकणाऱ्या तुकडीतील किमान २७ जण मृत्युमुखी पडले. महाराष्ट्रातूनही अनेक तरुण अशा शिक्षणक्रमांना जातात. म्हणून हिमस्खलनाचा धोका कसा ओळखावा हे समजून घेऊ.

पहिला प्रश्न उताराचा. ३०° उतारावर हिमाच्या वजनाचा निम्मा भाग उताराच्या दिशेने ओढत असतो, कारण ज्या ३०° = ०.५. थरांची मोठी स्खलने बहुधा ३०° ते ४५° उतारांवर होतात. त्याहून फार उभ्या कड्यावर हिम साचतच नाही. ते थोडे थोडे ओघळून जाते.

दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा: नवे हिम कशावर पडले आहे? थंड, निरभ्र रात्री हिमाचा पृष्ठभाग खूप गार होतो. जमिनीलगतचे हिम मात्र ०° सेल्सिअसच्या आसपास असते. त्यामुळे खालची वाफ वर सरकते, पुन्हा गोठते आणि साखरेसारखे टोकदार, सुटे कण तयार होतात. ते एकमेकांना धरत नाहीत. त्यांच्यावर ताज्या हिमाचे ओझे आले की थोड्याशा धक्क्यानेही वरचा थर लादीसारखा निसटतो. गिर्यारोहक ज्यांत सापडतात ती बहुतेक स्खलने त्यांच्या किंवा सोबत्याच्याच वजनाने सुरू होतात!

म्हणून जाणकार चार गोष्टी पाहतात. चोवीस तासांत ३० सेंटिमीटर किंवा अधिक हिम पडले का? वाऱ्याने हिम उडवून आडोशाच्या बाजूला साठवले का? हवा एकाएकी उबदार झाली का? आणि शेजारच्या उतारांवर ताजी स्खलने दिसतात का? चालताना पायाखाली ‘धप्प’ असा आवाज आला किंवा हिमात लांबवर तडा गेला, तर उतार स्वतःच इशारा देत आहे असे समजून मागे फिरावे. हिमाखाली गाडलेल्या माणसाला वाचवायला जेमतेम दहा-पंधरा मिनिटे मिळतात.

वर्गात हे दाखवता येईल. दोन फळ्यांवर खरखरीत कापड चिकटवा आणि त्यांवर गव्हाच्या पिठाचा थर दाबून बसवा. एकीवर साखर पसरा. मग दोन्हींवर पुन्हा सारखेच पीठ घाला. फळ्या सावकाश तिरप्या करा आणि पीठ घसरताना होणारा कोन कोनमापकाने मोजा. साखरेची फळी बहुधा आधी घसरेल. वरून मात्र दोन्ही सारख्याच दिसत होत्या, हे विद्यार्थ्यांच्या ध्यानात आणून द्या.

डोंगरावरही साखर दिसत नाही. शंका असेल तर ३०° पेक्षा कमी उताराची आणि वर उभा उतार नसलेली वाट धरावी. तीही नसेल, तर तळावर थांबावे.