खेळाचे गणित आणि बाजाराचे शास्त्र

अर्थशास्त्र म्हणजे जमाखर्चाचा रुक्ष हिशेब, आणि खेळ म्हणजे अभ्यासाचा वैरी, अशी पुष्कळांची समजूत असते. परंतु विद्यापीठांतून अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना आज जे एक शास्त्र शिकविले जाते, त्याचे नावच मुळी ‘क्रीडासिद्धान्त’ म्हणजे ‘गेम थिअरी’ असे आहे. जॉन फॉन नॉयमन हे गणिती आणि ऑस्कर मॉर्गेनस्टर्न हे अर्थशास्त्रज्ञ, या दोघांनी 1944 साली लिहिलेल्या ग्रंथाने या शास्त्राचा पाया घातला.

बुद्धिबळात आपली चाल बरी की वाईट, हे प्रतिपक्षाच्या चालीवर ठरते. बाजारातही तसेच आहे. आपल्या अफझलगंजात समोरासमोर दोन दुकाने आहेत, असे समजू. दोघांनीही भाव कायम ठेवले, तर प्रत्येकास दिवसाकाठी 100 रुपये नफा होतो. एकट्यानेच भाव उतरविला, तर त्याला 130 व दुसऱ्याला 40 मिळतात. दोघांनीही उतरविला, तर प्रत्येकाच्या पदरी 70 पडतात. आता समोरचा काहीही करो, भाव उतरविण्यातच प्रत्येकाला आपला लाभ दिसतो. कारण 100 हून 130 अधिक आणि 40 हून 70 अधिक! म्हणून दोघेही भाव उतरवितात आणि 100 ऐवजी 70 वर येऊन थांबतात. जेथे कोणाही एकट्याला आपली चाल बदलून लाभ होत नाही, अशा स्थितीस अमेरिकन गणिती जॉन नॅश यांच्या नावावरून ‘नॅश समतोल’ म्हणतात. 1950 साली त्यांनी मांडलेल्या या विचारासाठी त्यांना 1994 चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

दुकानदारांच्या या चढाओढीत गिऱ्हाइकाचा तरी फायदा होतो. पण मुसी नदीचे काय? एका पिशवीभर केराने नदी थोडीच बिघडते, असे प्रत्येक जण म्हणतो. आणि सर्वांनी तसे म्हटल्यामुळेच ती बिघडते. येथे प्रत्येकाचे शहाणपण मिळून सर्वांचे नुकसान होते. नुसत्या उपदेशाने हा डाव पालटत नाही. त्याचे नियमच बदलावे लागतात. 1908 साली याच मुसीच्या महापुराने अफझलगंज उद्ध्वस्त केले. घरोघरी उंबरे उंच करून पूर अडला नसता. विश्वेश्वरय्यांच्या योजनेस अनुसरून सर्वांसाठी उस्मानसागर व हिमायतसागर हे जलाशय बांधण्यात आले. लोक एकत्र येऊन स्वतःच नियम करतात व सामाईक संपत्ती राखतात, हे एलिनॉर ऑस्ट्रम यांनी अनेक देशांतील उदाहरणांनी दाखविले. त्यांना 2009 साली नोबेल पारितोषिक मिळाले.

या विषयाकडे वळू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांनी अविनाश दीक्षित यांचे उदाहरण ध्यानी घ्यावे. 1944 साली मुंबईत जन्मलेल्या दीक्षितांनी प्रथम गणित व भौतिकशास्त्र यांत पदवी घेतली, आणि मागाहून ते अर्थशास्त्राकडे वळले. डावपेचांच्या या शास्त्रावरील त्यांची पुस्तके जगभर वाचली जातात. 2016 साली भारत सरकारने त्यांस पद्मविभूषण देऊन गौरविले.

यास्तव, कला शाखेकडे जाणार म्हणून गणिताला कायमचा रामराम ठोकू नये, आणि पालकांनीही मुलांना तसे करू देऊ नये, असे आम्हांस वाटते. बीजगणित आणि संभाव्यता यांची तयारी असेल, तर या शास्त्राचे दार सहज उघडते. आपले हित दुसऱ्याच्या हिताशी कसे गुंतलेले आहे, हे जे शास्त्र आकड्यांनी पटवून देते, ते केवळ परीक्षेपुरते कसे म्हणावे?