हात बसला की वाद्य बदल!

दोस्तांनो, तुमच्यापैकी कुणी पेटी शिकत असेल, कुणी तबला, कुणी गिटार. सुरुवातीचे दिवस आठवा. बोटं ऐकत नाहीत, सूर भलतीकडेच जातो आणि घरातले हळूच दार लावून घेतात! मग कधीतरी हात बसतो. नेमकं त्याच वेळी कुणी म्हणालं, "ठेव ते बाजूला आणि जे येत नाही ते वाजव," तर? तुम्ही त्याला वेड्यात काढाल. इंग्लंडच्या पॉली जीन हार्वेनं मात्र हा वेडेपणा आपणहून केला, आणि तोही पुन्हापुन्हा. जग तिला 'पी. जे. हार्वे' म्हणून ओळखतं.

पॉलीचा जन्म १९६९ चा. इंग्लंडच्या दक्षिणेला डॉर्सेट नावाचा परगणा आहे, तिथल्या कॉर्सकोम या खेड्यात ती वाढली. वडील दगडाच्या खाणीचं काम करायचे, आई शिल्पकार, शिवाय घरच्या मेंढ्या. म्हणजे एकीकडे छिन्नीची ठकठक, दुसरीकडे कोकरांची बें-बें! घरात ब्लूजच्या तबकड्या सतत वाजायच्या. ती आधी सॅक्सोफोन शिकली, मग गिटार. १९८८ मध्ये जॉन पॅरिश यांच्या बँडमध्ये गेली. पुढे लंडनच्या कला महाविद्यालयात शिल्पकलेसाठी जागाही मिळाली होती. पण १९९१ मध्ये तिनं स्वतःचा तिघांचा बँड काढला आणि ते शिक्षण राहूनच गेलं.

पहिला आल्बम 'ड्राय' १९९२ साली एका छोट्या कंपनीनं काढला. बाजारातल्या गुळगुळीत गाण्यांपासून फटकून राहणाऱ्या अशा रॉकला 'ऑल्टरनेटिव्ह रॉक' म्हणतात, बरं का! नाव झालं, पण लंडनची दगदग पॉलीला सोसेना. थकून ती डॉर्सेटला परतली. १९९३ चा 'रिड ऑफ मी' तर आणखीनच खरखरीत. कुजबुज नीट ऐकू यावी म्हणून तुम्ही आवाज वाढवावा, आणि पुढच्याच क्षणी गिटारनं कानठळ्या बसाव्यात!

'स्टोरीज फ्रॉम द सिटी, स्टोरीज फ्रॉम द सी' या आल्बमला ब्रिटनचं मानाचं मर्क्युरी पारितोषिक जाहीर झालं, तो दिवस होता ११ सप्टेंबर २००१. पॉली तेव्हा कार्यक्रमासाठी वॉशिंग्टनमध्ये होती. त्याच दिवशी पेंटॅगॉनवर विमान आदळलं, आणि ते जळताना तिला हॉटेलच्या खिडकीतून दिसत होतं. बक्षीस तिनं फोनवरूनच स्वीकारलं. आनंद तरी कसा करायचा?

आता खरी गंमत. गिटारवर नाव कमावलेली ही बाई २००७ च्या 'व्हाइट चॉक'साठी पियानोपुढे जाऊन बसली. पियानो तिला धड येतही नव्हता! शिवाय नेहमीचा भरदार आवाज सोडून ती अगदी वरच्या, चिरक्या म्हणाव्या अशा पट्टीत गायली. मला स्वतःला हाच आल्बम सगळ्यांत आवडतो. बोटं चाचपडताहेत हे कळतं, आणि म्हणूनच ऐकताना अंगावर काटा येतो.

पियानोवर जरा हात बसतो न बसतो तोच तिनं ऑटोहार्प उचलला. आपल्या गवयांच्या मांडीवर स्वरमंडल असतं ना, त्याचा हा लांबचा भाऊ. यावेळी तिनं आधी शब्द लिहिले, चाली नंतर. विषय होता युद्धाचा. १९१५ साली गॅलिपोलीला मेलेल्या सैनिकांचा. डॉर्सेटच्या समुद्राकाठी एका जुन्या चर्चमध्ये ध्वनिमुद्रण झालं. २०११ च्या या 'लेट इंग्लंड शेक'नं तिला दुसऱ्यांदा मर्क्युरी मिळवून दिलं. दोनदा ते मिळवणारी ती आजवरची एकटीच!

प्रत्येक प्रयोग सगळ्यांना रुचला असं मात्र नाही. नंतर ती कोसोव्हो, अफगाणिस्तान आणि वॉशिंग्टनला हिंडून आली. त्यावरची गाणी २०१५ मध्ये लंडनच्या सॉमरसेट हाउसमध्ये काचेच्या खोलीत ध्वनिमुद्रित झाली. बाहेरून लोक बघताहेत, आतल्यांना ते दिसत नाहीत! २०१६ मध्ये त्यातलं वॉशिंग्टनच्या गरीब वस्तीवरचं गाणं तिथल्या काही पुढाऱ्यांना चांगलंच झोंबलं.

मग पॉलीनं वाद्यच खाली ठेवलं आणि कविता शिकायला घेतली, तीही डॉन पॅटरसन या कवीकडे रीतसर. २०२२ मध्ये आलेलं 'ऑर्लम' तिनं डॉर्सेटच्या जुन्या बोलीत लिहिलं. तिकडचीही बरीच माणसं ती बोली विसरलीत, म्हणून सोबत साध्या इंग्रजीतला मजकूरही द्यावा लागला. त्यात नऊ वर्षांची एक मुलगी आहे. तिची राखण कोण करतं, ठाऊक आहे? कोकराचा एक डोळा!