दिव्याखालचे बेट

बीरगांवच्या रात्रीला काळोख ठाऊक नाही. रायपूरला खेटून वसलेल्या या नगराच्या आकाशावर उरला औद्योगिक क्षेत्रातील भट्ट्यांची तांबूस आभा पहाटेपर्यंत पसरलेली असते. कर्जाच्या किंवा खाते उघडण्याच्या अर्जासोबत ग्राहक निवासाचा पुरावा म्हणून विजेचे देयक जोडतो आणि आम्ही बँक कर्मचारी ते न्याहाळून पुढे सरकवतो. ज्या गावात वीजच पोहोचलेली नाही तेथील माणसाने हा कागद कोठून आणावा, हा प्रश्न इतक्या वर्षांच्या नोकरीत मला कधी पडला नव्हता. तो पडला मुंबईजवळच्या घारापुरी बेटावर.

वाचकहो, घारापुरी म्हणजे एलिफंटा लेणी, एवढीच आपली ओळख. गेट वे ऑफ इंडियाहून लाँचमध्ये बसावे, तासाभराने बेटावर उतरावे, सव्वाशेच्या आसपास पायऱ्या चढून सदाशिवाच्या त्या भव्य त्रिमुख शिल्पासमोर नतमस्तक व्हावे आणि संध्याकाळच्या आत परतावे. मीही गेल्या हिवाळ्यात याच क्रमाने गेलो होतो. परंतु पायऱ्यांच्या दुतर्फा बसलेले विक्रेते राहतात कोठे, आजारी पडले तर जातात कोठे, त्यांचा कारभार कोण पाहतो, ही चौकशी करू लागलो आणि लेण्यांपेक्षा बेटातच मन अधिक गुंतले.

बेटावर शेतबंदर, मोराबंदर आणि राजबंदर अशा तीन वस्त्या आहेत. (यांतील मोराबंदर म्हणजे उरणचे मोरा बंदर नव्हे, परका माणूस येथे हमखास फसतो.) तिन्ही वस्त्या मिळून एक ग्रामपंचायत. पर्यटकांकडून धक्क्याजवळ जो अल्पसा कर घेतला जातो, तो या पंचायतीचा. पुढे लेण्यांपाशी जे तिकीट काढावे लागते ते मात्र भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाचे. लेणी १९८७ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाली. वारशाचा मान जगाचा, त्याचे बंधन गावाचे. पर्यटकाला येथे रात्री मुक्काम करण्याची परवानगी नाही.

मुंबई येथून जेमतेम दहा किलोमीटर. तिच्या इमारती नुसत्या डोळ्यांनी दिसतात. तरीही घारापुरी मुंबईचे नाही. तालुका उरण, जिल्हा रायगड. तहसील कार्यालय समुद्रापलीकडे उरणला, जिल्हाधिकारी त्याहून दूर अलिबागला. लोकसभेसाठी हे बेट मावळ मतदारसंघात मोडते. हा मतदारसंघ घाट ओलांडून पार पिंपरी-चिंचवडपर्यंत पसरलेला आहे. खाऱ्या पाण्याने वेढलेल्या गावाचा खासदार सह्याद्रीतल्या मावळाच्या नावाने ओळखला जावा, ही गंमत नकाशा पाहिल्याशिवाय उमगत नाही.

अर्थात, या बेटाचे भवितव्य दुसरीकडे बसलेल्यांनी ठरविण्याची रीत जुनीच आहे. पोर्तुगीज आले, राजबंदराजवळचा दगडी हत्ती पाहिला आणि बेटाचे नाव एलिफंटा करून मोकळे झाले. पुढे मराठ्यांचा अंमल आला. १७७४ साली साष्टीबरोबर बेट इंग्रजांच्या हाती गेले आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने ते त्यांच्याकडेच राहिले. सालबाई ग्वाल्हेरजवळ आहे! नाव देणारा तो हत्तीही बेटावर राहिला नाही. १८१४ साली त्याचे डोके व मान निखळली, १८६४ मध्ये त्याचे अवशेष मुंबईला नेण्यात आले आणि पुढे ते जोडून उभा केलेला तो हत्ती आज भायखळ्याच्या राणीच्या बागेच्या आवारात आहे.

जगातील इतर चिमुकल्या बेटांची कथाही याहून फार निराळी नाही. पॅसिफिक महासागरातील पिटकेर्न बेटावर पन्नासएक माणसे राहतात. त्यांचा निवडून दिलेला महापौर असतो. गव्हर्नर मात्र न्यूझीलंडमधील ब्रिटिश उच्चायुक्त असतात आणि बसतात वेलिंग्टनला. याच इवल्या समाजाने १८३८ साली स्त्रियांना मताधिकार दिला होता. अटलांटिकमधील ट्रिस्टन दा कुन्हा बेटावर १९६१ मध्ये ज्वालामुखी जागा झाला. सर्व रहिवाशांना इंग्लंडला हलविण्यात आले. पण तेथील सुखसोयी सोडून १९६३ मध्ये बहुतेक जण आपल्या बेटावर परतले. ही बेटे हजारो मैल दूर, म्हणून त्यांचे एकाकीपण चटकन पटते. घारापुरीचे पटत नाही, कारण ते डोळ्यांसमोर आहे.

विजेचेच पाहा. बेटाच्या उत्तरेला, खाडीच्या पलीकडे, ट्रॉम्बेचे औष्णिक वीजकेंद्र १९५० च्या दशकापासून उभे आहे. त्याच्या धुरांड्यांकडे पाहत बेटावरच्या पिढ्या कंदिलाच्या उजेडात वाढल्या. पुढे पर्यटन विकास महामंडळाच्या डिझेल जनित्रावर संध्याकाळी सात ते दहा असे तीन तास दिवे लागत. दहानंतर काळोख; मुंबई मात्र समोर झगमगतच असे. अखेर महावितरणने समुद्राच्या तळाशी सुमारे साडेसात किलोमीटर लांबीच्या केबल अंथरल्या. काम सुमारे सव्वा वर्ष चालले, खर्च २५ कोटी रुपयांच्या घरात गेला आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये तिन्ही वस्त्यांत चोवीस तास वीज आली. स्वातंत्र्य मिळून तेव्हा सत्तर वर्षे उलटली होती.

एवढ्या थोड्या घरांसाठी एवढा खर्च कशाला, असा हिशेब कोणी मांडील. आम्हा बँकवाल्यांना तर नफ्यातोट्याची सवयच असते. पण मग सत्तर वर्षे या घरांनी सोसलेला अंधार कोणत्या खात्यात जमा धरायचा?

वीज आली तरी पाणी ओलांडणे चुकलेले नाही. वरच्या वर्गांचे शिक्षण, मोठा दवाखाना, सरकारी दाखला, सारे काही पलीकडे. रात्री-अपरात्री कोणाला असह्य दुखू लागले तर आधी बोट, मग डॉक्टर. आणि हा जलमार्ग किती नाजूक आहे ते १८ डिसेंबर २०२४ रोजी साऱ्यांनी पाहिले. गेट वेहून घारापुरीकडे निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी नौकेला नौदलाची वेगवान बोट धडकली आणि पंधरा जणांचे प्राण गेले. आमच्यासाठी ती सहलीची वाट होती. बेटवासीयांसाठी तो रोजचा रस्ता आहे.

परतताना पायऱ्यांच्या कडेला काकडी आणि ताक विकणाऱ्या एका मावशींपाशी थांबलो. पैसे देण्यासाठी त्यांनी क्यूआर कोडची पाटी पुढे केली. बँकेत नोकरीला आहे म्हटल्यावर त्यांनी अभिमानाने सांगितले, की विजेचे पहिले देयक त्यांनी अजून जपून ठेवले आहे. त्यावर घरधन्याचे नाव आहे, शेतबंदर आहे, उरण तालुका आहे, सगळे छापील. मग त्यांनी माझ्या गावाची विचारपूस केली. बीरगांवहून समुद्र शेकडो किलोमीटर दूर आहे हे ऐकून त्यांना नवल वाटले. तेवढ्यात धक्क्यावरून शेवटच्या लाँचचा पुकारा झाला. मावशींनी उरलेल्या काकड्या माझ्या पिशवीत टाकल्या, पैसे घेतले नाहीत, आणि बोट चुकली तर इथे राहू देत नाहीत, असे म्हणत मला घाईने खाली पिटाळले.