घाई त्यांची, सबुरी आपली

पुणे-नगर रस्त्यावरच्या सणसवाडीत पैसा आता फोनवरून फिरतो. कामगाराचा पगार खात्यात जमा होतो, खोलीभाडं आणि किराणा यूपीआयवर भागतो, उरलेली रक्कम त्याच फोनवरून गावी जाते. लहान वर्कशॉपच्या ऑर्डरी आणि बिलं मेलवर येतात. त्यामुळे पेमेंट सेवेच्या नावाने आलेला खोटा मेल इथे कोणाच्याही घरात शिरू शकतो. गेल्या पंचवीस वर्षांत या फसवणुकीत काय बदललं आणि काय तसंच राहिलं, ते पाहिलं की तिच्यापासून कसं सांभाळायचं तेही उमगतं.

2000 साली पेपल ही अमेरिकेतली सेवा नवी होती. तिच्या इंग्रजी नावातल्या शेवटच्या ‘एल’च्या जागी ‘आय’ घालून कोणीतरी तसंच दिसणारं संकेतस्थळ उभारलं आणि मेल पाठवून लोकांना तिथे पासवर्ड भरायला लावलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आपल्याकडे माहिती तंत्रज्ञान कायदा लागू झाला, पण त्यात अशा तोतयेगिरीसाठी स्वतंत्र कलम नव्हतं. 2005 मध्ये नॅसकॉम या सॉफ्टवेअर कंपन्यांच्या संघटनेच्या नावाने खोटे मेल पाठवणाऱ्यांचं प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं आणि हा प्रकार बेकायदा असल्याचं न्यायालयाने स्पष्ट केलं. दुसऱ्याचा पासवर्ड वापरण्यासाठी 66-सी आणि संगणकाद्वारे तोतयेगिरी करण्यासाठी 66-डी ही कलमं ऑक्टोबर 2009 मध्ये लागू झाली. त्याच वर्षी ऑगस्टपासून ऑनलाइन कार्ड व्यवहाराला आणखी एक पडताळणी रिझर्व्ह बँकेने सक्तीची केली. पुढे भामटे पासवर्डबरोबर ओटीपीही मागू लागले.

सणसवाडीच्या उद्योजकांनी लक्षात ठेवावा असा निकाल 2013 चा आहे. पुण्याच्या पूना ऑटो अँसिलरीज या कंपनीच्या प्रमुखांनी अशाच एका खोट्या, म्हणजे फिशिंग मेलला प्रतिसाद दिला आणि पंजाब नॅशनल बँकेतल्या खात्यातून 80 लाख 10 हजार रुपये गेले. राज्याचे माहिती तंत्रज्ञान सचिव राजेश अग्रवाल यांनी बँकेला 45 लाख रुपये देण्याचा आदेश दिला. पैसे ज्या बनावट खात्यांत वळवले, त्यांची तपासणी बँकेने नीट केली नव्हती. उरलेला भार तक्रारदारावर राहिला, कारण मेलला उत्तर त्यांनीच दिलं होतं. चूक दोन्हीकडची असू शकते आणि दोघांनाही तिची किंमत मोजावी लागते, हे या निकालाने ठसवलं.

2016 मध्ये यूपीआय आलं आणि बँकेचा व्यवहार खिशात आला. जुलै 2017 मध्ये रिझर्व्ह बँकेने जबाबदारीची वाटणी नियमात बसवली. ग्राहकाने स्वतःच गुप्त माहिती दिली असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं आणि कळवल्यानंतरचं बँकेचं. 2021 मध्ये राष्ट्रीय मदतवाहिनी सुरू झाली, तिचा क्रमांक आता 1930 आहे. 2025 मध्ये बँकांची संकेतस्थळं ‘डॉट बँक डॉट इन’ या राखीव पत्त्यावर नेण्याचं ठरलं.

या काळात ओळखण्याच्या जुन्या खुणा पुसट होत गेल्या. पूर्वी मोडक्यातोडक्या इंग्रजीवरून संशय यायचा. आता यंत्रं शुद्ध मजकूर लिहून देतात, मराठीतही. पत्त्याशेजारचं कुलूप माहिती वाटेत कोणी वाचणार नाही एवढंच सांगतं, समोरचा प्रामाणिक असल्याची ग्वाही देत नाही. फोनवर तर मेल पाठवणाऱ्याचं नावच दिसतं, खरा पत्ता पाहायला त्यावर बोट ठेवावं लागतं. काही भामटे पेमेंट सेवेचीच बिल पाठवण्याची सोय वापरतात. तेव्हा पत्ता खरा असतो, आणि खोटा असतो तो बिलात दिलेला ‘मदत क्रमांक’.

टिकून राहिली आहे ती घाई. ‘खातं आज बंद होईल’, ‘केवायसी संपली’, ‘पैसे कापले गेले, परत हवे असतील तर लगेच फोन करा’. भीती किंवा लोभ दाखवून विचार करायला वेळच द्यायचा नाही, हाच या धंद्याचा पाया आहे. म्हणून मेल कितीही खरा वाटला, तरी त्यातल्या लिंकवर जाऊ नये, त्यातला क्रमांक फिरवू नये, जोडलेली फाइल उघडू नये. ॲप स्वतः उघडावं आणि खात्यात खरंच काही घडलं आहे का ते पाहावं. पैसे मिळवण्यासाठी यूपीआय पिन कधीच लागत नाही. पुरवठादाराने बँक खातं बदलल्याचा मेल आला, तर आपल्या वहीतल्या जुन्या क्रमांकावर फोन करून खात्री करावी आणि मगच पैसे सोडावेत.

माहिती एकदा दिली गेली, तर मात्र घाई आपण करायची. बँकेला कळवून खातं आणि कार्ड थांबवावं, 1930 वर फोन करावा, पासवर्ड बदलावा, राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर किंवा शिक्रापूर पोलीस ठाण्यात तक्रार द्यावी. तो मेल पुसू नये, तो पुरावा आहे. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात सरकत असताना तक्रार आली, तर ते वाटेत गोठवता येतात. लाजेपोटी गप्प राहण्यात हाच वेळ जातो. फसलेल्या माणसाला आधी बोल लावणारं घर आणि कारखाना भामट्याला वेळ मिळवून देतात. ‘तुला कळलं नाही का?’ असं विचारण्याआधी त्याला फोन लावून द्यावा. पंचवीस वर्षांत कायदा आणि यंत्रणा खूप पुढे आल्या, पण त्या कामाला लागतात ते आपण कळवल्यावरच.