नऊ हजारांत एक छोटा देश!

मुलांनो, गेल्या वर्षीची गोष्ट. चौथीच्या वर्गात युरोपचा नकाशा भिंतीवर टांगला होता. मधल्या सुट्टीत एक मुलगा नकाशाला नाक लावून उभा. म्हणाला, "बाई, हा बघा केवढासा देश! नावसुद्धा आत मावत नाही. हा तर दोन दिवसांत फिरून होईल!"

त्या देशाचं नाव लक्झेंबर्ग. फ्रान्स, जर्मनी आणि बेल्जियम यांच्या कुशीत बसलेला. क्षेत्रफळ फक्त २,५८६ चौरस किलोमीटर. उत्तर टोकापासून दक्षिण टोकापर्यंत ८२ किलोमीटर. आणि गंमत ऐका, २०२० सालापासून तिथे बस, ट्राम आणि रेल्वेचा साधा डबा सगळ्यांना फुकट! पाहुण्यांनासुद्धा.

"मग जाऊ या की बाई!" वर्गात एकच गलका झाला. पण मागच्या बाकावरचा एक मुलगा हळूच म्हणाला, "आमचे पप्पा रिक्षा चालवतात. आमचं फिरणं म्हणजे गावाला, तेही लग्न असलं तर."

वर्ग गप्प झाला. मलाही लगेच काही सुचलं नाही. संध्याकाळी नाहूरला घरी आले तरी ते वाक्य डोक्यातून जाईना.

आधी हिशेब, मग हौस

घरी माझी मुलगी पाचवीत. आम्ही दोघींनी वही-पेन्सिल घेतली आणि म्हटलं, बघू तरी लक्झेंबर्गला काय लागतं! तिथे जायला शेंगेन व्हिसा लागतो. त्याची फी मोठ्यांना ९० युरो, सहा ते अकरा वर्षांच्या मुलांना ४५ युरो. आम्ही तिघं, म्हणजे २२५ युरो. रुपयांत वीस हजारांच्या वर! अजून विमानात पायसुद्धा ठेवलेला नाही, आणि आमचं सहलीचं पाकीट होतं नऊ हजारांचं.

लेकीचा चेहरा पडला. मी तिला ॲटलासमधलं दुसरं पान उघडून दिलं. "हे बघ. गोवा. क्षेत्रफळ ३,७०२ चौरस किलोमीटर. लक्झेंबर्गपेक्षा मोठा! आणि युरोपातल्या एका छोट्या देशानं, पोर्तुगालनं, १५१० पासून १९६१ पर्यंत तिथे राज्य केलं. बिनव्हिशाचा युरोप हवाय ना? हा घे."

असं आमचं ठरलं. मग नऊ हजारांचे पाच कप्पे पाडले. रेल्वे जाऊन-येऊन २,५००. दोन रात्रींची साधी खोली २,८००. खाणंपिणं २,४००. बस आणि बाकी फिरणं ८००. आणि अडीअडचणीला ५००. करा बरं बेरीज! बरोबर नऊ हजार. शेवटच्या कप्प्याला हात लावायचा नाही, असा लेकीनंच नियम केला आणि ते पाकीट स्वतःच्या दप्तरात ठेवलं.

रेल्वेचं आरक्षण प्रवासाच्या साठ दिवस आधी उघडतं. पूर्वी १२० दिवस होते, नोव्हेंबर २०२४ पासून साठ झाले. कॅलेंडरवर उलटे दिवस मोजून आम्ही त्या तारखेला लाल गोल केला. आणखी एक नियम तुमच्याच कामाचा. पाच ते बारा वर्षांच्या मुलाला स्वतंत्र बर्थ हवा असेल तर २०१६ पासून पूर्ण भाडं पडतं. आई-बाबांच्या बर्थवर दाटीवाटीनं झोपलात तर अर्धं. लेकीनं खूप विचार केला आणि म्हणाली, "मला बर्थ हवा. त्याबदल्यात आइस्क्रीम एकदाच खाईन."

रात्रीची गाडी की दिवसाची?

इथे खरा वाद झाला. रात्रीच्या कोकणकन्या एक्स्प्रेसनं गेलं की झोपेत प्रवास होतो आणि एका रात्रीचं खोलीभाडं वाचतं. पण अंधारात दिसणार काय? कोकण रेल्वे म्हणजे ९१ बोगदे! १९९० साली महामंडळ स्थापन झालं, डोंगर फोडत, दऱ्या ओलांडत काम चाललं आणि २६ जानेवारी १९९८ ला सगळा मार्ग सुरू झाला. रत्नागिरीजवळचा करबुडे बोगदा साडेसहा किलोमीटर लांब, तर पानवल नदीवरचा पूल ६४ मीटर उंच. म्हणजे वीसमजली इमारत त्याच्याखाली उभी राहील!

शेवटी तोड निघाली. जाताना रात्री कोकणकन्या, येताना दिवसा मांडवी एक्स्प्रेस. बचतही झाली आणि बोगदेही मिळाले. दोन्ही गाड्या ठाण्याला थांबतात आणि नाहूरहून ठाणं म्हणजे दोन स्टेशनं. टॅक्सीचा खर्चच नाही.

आणि आमची चूक!

गुरुवारी रात्री निघालो, शुक्रवारी सकाळी करमाळीला उतरलो. पणजीत सामान टाकलं आणि रायबंदरवरून जाणारी जुन्या गोव्याची बस पकडली. बस ज्या सुमारे तीन किलोमीटर लांबीच्या बांधावरून धावत होती तो सतराव्या शतकात बांधलेला! एका बाजूला मांडवी नदी, दुसऱ्या बाजूला मिठागरांची खाजणं. तिकीट चिल्लरीतलं, पण देखावा लाखाचा.

जुन्या गोव्यात बॉम जेझस बॅसिलिका पाहिली. जांभ्या दगडाची ती भव्य इमारत १६०५ मध्ये पूर्ण झाली. संत फ्रान्सिस झेवियर यांचं पार्थिव तिथे जपून ठेवलं आहे. इथली चर्च १९८६ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहेत. मग आम्ही मोठ्या ऐटीत पुरातत्त्व खात्याच्या संग्रहालयाकडे निघालो. दाराला कुलूप! ते शुक्रवारी बंद असतं. माझ्या आखणीत सगळे आकडे होते, पण 'बंद केव्हा?' हा प्रश्नच नव्हता. लेक म्हणाली, "आई, तू वर्गात आम्हाला सांगतेस की प्रश्न पूर्ण वाचा!"

मान खाली घालून चालत व्हाइसरॉयच्या कमानीखालून नदीवर आलो, तर समोर फेरीबोट उभी. "कुठे जाते?" "दिवाडी बेटावर." "तिकीट?" "चालत जाणाऱ्याला नाही!" लक्झेंबर्गचा फुकट प्रवास आम्हाला मांडवीच्या पाण्यावर भेटला. बोटीत स्कूटर, भाजीच्या टोपल्या, शाळा सुटलेली मुलं आणि आम्ही. बेटावर भातशेतीच्या कडेनं तासभर चाललो. सगळ्या सहलीत लेकीला सर्वांत जास्त आवडली ती हीच तासाभराची चूक.

शनिवारी फोंड्याच्या बसनं मंगेशीला गेलो. मंगेशकर हे आडनाव याच गावावरून आलं, मास्टर दीनानाथांचा जन्म इथलाच. संध्याकाळी पणजीत फोंताइन्हासच्या अरुंद गल्ल्या पाहिल्या. पिवळी, निळी, लाल घरं, छोटे सज्जे, कौलारू छपरं. लेक म्हणाली, "आई, आपण युरोपात आलो की!" ठरलेलं एकुलतं एक आइस्क्रीम तिथेच खाल्लं.

रविवारी मांडवीच्या खिडकीत बसून तिनं बोगद्यांच्या रेघा ओढायला सुरुवात केली. चाळिशीच्या पुढे डुलकी लागली आणि हिशेब चुकला. पण पाचशेचं पाकीट तसंच्या तसं घरी परत आलं.

मागच्या बाकावरचा प्रवासी

सोमवारी वर्गात मी सगळं सांगितलं, माझ्या चुकीसकट. मग प्रत्येकाला एक कागद दिला. त्यावर पाच प्रश्न: कुठे? कसं? किती पैसे? बंद केव्हा? आणि बेत फसला तर काय? रक्कम मात्र घरी विचारून घालायची. कितीही छोटी चालेल.

मागच्या बाकावरच्या त्या मुलानं लिहिलं होतं, 'घारापुरी'. मग ते खोडलं होतं. का? तर पप्पांची सुट्टी सोमवारी आणि घारापुरीची लेणीही सोमवारी बंद! माझी गोव्यातली चूक त्यानं नाहूरमध्ये बसून टाळली. खाली नवा बेत होता: 'नाहूरहून धीमी लोकल, कारण जलद थांबत नाही. सँडहर्स्ट रोडला बदलून डॉकयार्ड रोड. तिथून चालत भाऊचा धक्का. बोटीनं मोरा. डबा घरचा. संध्याकाळी परत.' आणि शेवटच्या प्रश्नासमोर लिहिलं होतं, 'बोट चुकली तर धक्क्यावर बसून बोटी बघू.'

पुढच्या मंगळवारी तो शाळेत आला तो सरळ माझ्या टेबलाशी. "बाई, बोट नाही चुकली! पप्पा म्हणाले, मुंबईत इतकी वर्षं रिक्षा चालवली, पण मुंबई लांबून अशी कधी दिसलीच नव्हती."

मुलांनो, नकाशावर देश छोटा असो की मोठा, तिथे जायला पैसे लागतातच. पण पहिलं तिकीट कागद-पेन्सिलीचं असतं, आणि ते तुमच्या दप्तरात आहे. या रविवारी आई-बाबांना शेजारी बसवा आणि ते पाच प्रश्न लिहून काढा. आणि हो, चौथा प्रश्न विसरू नका हं!